केरबा आबांचं पहिलं वर्ष

आमच्या बोर्डिंगच्या दारात एक जाडजूड वही असायची. भेटायला येणाऱ्यानं तीत नाव, गाव, कोणाला भेटायचं, येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ लिहायची असा रेक्टरांचा दंडक होता. केरबा आबा चौथीपर्यंत शिकलेले. जीभ दातात धरून ते पहिले चार रकाने नीट भरायचे आणि पाचव्या रकान्यात, म्हणजे 'जाण्याची वेळ' याच्याखाली, लिहायचे: 'बघू'.

महिन्याभरात त्या वहीत असे दहा-बारा 'बघू' जमले. शेवटी रेक्टरांनी त्यांना अडवलं. "अहो, बघू म्हणजे काय? इथं वेळ लिहायची असते."

"मग बघूनच लिवनार की," आबा म्हणाले. "घड्याळ तुमच्या भिंतीवर हाय, पोरगं वरच्या मजल्यावर हाय. पोरगं कसं हाय ते बघितल्याबिगर जायाची येळ कुठनं सांगू?"

रेक्टर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. त्यांनी थोडा विचार केला आणि वही मिटली.

पोरगं म्हणजे सर्जेराव, माझा खोलीतला जोडीदार. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघंही त्या वर्षी एफ.वाय.बी.एस्सी.ला होतो. सर्जेराव शाहूवाडी तालुक्यातल्या एका डोंगराकडेच्या वाडीचा. त्यांच्या घरात माणसं दोनच, तो आणि आबा. सर्जेराव पाचवीत असताना त्याची आई गेली. तेव्हापासून चूल फुंकण्यापासून पोराचा भांग पाडण्यापर्यंत सगळं आबाच करत आले होते. बारावीला सर्जेरावनं बरे मार्क पाडले, शाळेतल्या मास्तरांनी भरीला घातलं आणि आबांनी त्याला कोल्हापुरात आणून आमच्या खोलीत ठेवलं. ठेवलं, आणि स्वतःही तीन दिवस राहिले.

त्या तीन दिवसांत आबांनी बोर्डिंगची जी माहिती गोळा केली ती मला तीन वर्षांत झाली नाही. नळाला पाणी किती वाजता येतं, जिन्याची कितवी पायरी हलते, कुठल्या खोलीतलं पोरगं घोरतं, सगळं त्यांना ठाऊक. सर्जेरावच्या कॉटवर आधी स्वतः आडवे होऊन त्यांनी कुशी बदलून बघितल्या आणि ती खिडकीपासून हातभर लांब सरकवली. खिडकीतून वारं माझ्या अंगावर आलं तरी चालण्यासारखं होतं, कारण मी दुसऱ्याचा. मेसमध्ये जाऊन त्यांनी आमटीत पळी फिरवली आणि आचाऱ्याला विचारलं, "पावणं, ह्यात डाळ पवायला सोडलीया, का बुडून गेली?" चौथ्या दिवशी रेक्टरांनी त्यांना स्वतः स्टँडवर नेऊन एस.टी.त बसवलं. तो शनिवार होता. मंगळवारी सकाळी आबा पुन्हा दारात उभे.

"माजं काय न्हाय," ते म्हणाले, "पोरगं नवीन हाय म्हणून."

हे त्यांचं पालुपद. ते येताना घोंगडं घेऊन आले तरी पोरगं नवीन म्हणून आणि समोरच्या दुकानदाराशी भांडले तरी पोरगं नवीन म्हणून. दुकानदारानं सर्जेरावला वही देताना वर बघितलं नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा.

आता सर्जेराव खरोखरच नवीन होता, हे मी नाकारत नाही. सुरुवातीला तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. इंग्रजीतलं लेक्चर सुरू झालं की बिचारा पाहुण्याच्या घरी बसल्यासारखा अंग चोरून बसायचा. मी मात्र अगदी खंबीर होतो. मला रडायचं असलं की मी न्हाणीघरात जायचो आणि नळ मोठा सोडायचो. माझं गाव चंदगडच्या बाजूला, पार टोकाला. तिथून कोणी दर मंगळवारी येणं शक्य नव्हतं, आणि ही गोष्ट मला आबांना बघितलं की फार टोचायची. तेव्हा मी तिला 'आबांचा त्रास' असं नाव दिलं होतं.

आबांनी माझी ती नळाची युक्ती पहिल्या आठवड्यातच ओळखली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू बी तरवाच हायस. घाबरू नगंस."

तरवा म्हणजे भाताची रोपं. आबांच्या डोक्यात जगातली प्रत्येक गोष्ट भातावरून समजायची, त्यामुळे कॉलेजचं पहिलं वर्षही त्यांना भातावरूनच समजलं होतं. "तरवा उपटून दुसऱ्या वाफ्यात लावला की आठ दिस पिवळा पडतो," ते सांगायचे. "बघणारा म्हणतो, मेला. त्यो मरत न्हाय. त्येला हात लावायचा न्हाय, निस्तं पाणी द्यायचं. मुळं धरली की आपसूक हिरवा हुतो."

सिद्धांत सुरेखच होता. अडचण एवढीच की हात लावायचा नाही असं सांगणारे आबा स्वतः दर दोन-तीन दिवसांनी रोप उपटून मुळं बघायला हजर व्हायचे. हे मी एकदा त्यांना बोलून दाखवलं. ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "मी कुठं हात लावतोय? मी डबा घिऊन येतो."

आता डब्याचं सांगायला हवं. कोल्हापुरात शिकायला राहिलेल्या पोरांचे डबे त्या काळी खेड्यापाड्यांतून एस.टी.नं यायचे. आई पहाटे उठून भाकरी थापायची, डबा फडक्यात बांधायची आणि वडील तो पहिल्या गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करायचे. गाडी स्टँडवर लागली की कंडक्टर सगळे डबे उतरवून चौकशीच्या खिडकीशेजारच्या कट्ट्यावर मांडून ठेवायचा. डब्यावर लाल रंगानं नाव घातलेलं असायचं. पोरं सायकली मारत यायची, आपापला डबा उचलायची आणि कालचा रिकामा त्याच गाडीत ठेवून जायची. अदलाबदल व्हायची नाही आणि कोणी कोणाचा डबा पळवायचा नाही. परगावच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही.

आबांनाही वाटायचं नाही. "डब्याला त्वांड हाय व्हय?" ते विचारायचे. "वाटंत उलटला तर बोलंल कसा?" म्हणून आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, त्यांच्या डब्याबरोबर ते स्वतः यायचे. दोन तास गाडीत डबा मांडीवर, वर दोन्ही हात. वाडीतल्या आणखी दोघा पोरांचे डबे असायचे, त्यांच्या आयांना वाटायचं आबा जातातच आहेत तर आपलाही डबा त्यांच्याकडे द्यावा. आबा नाही म्हणायचे. "एका मांडीवर एकच डबा ऱ्हातो," म्हणायचे.

डबा उघडला की तांदळाच्या जाड भाकरी, त्यावर लाल चटणीचा गोळा आणि खालच्या पुडात आमटी किंवा एखादी पालेभाजी. आबांच्या भाकरीला चव होती, पण ती मोडायला मनगट लागायचं. सर्जेराव जेवायचा आणि आबा समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघायचे. तो तिसऱ्या भाकरीला आला की मग "आणलंय तर खातो" म्हणून स्वतः एक घ्यायचे. मलाही आग्रह व्हायचा. मी मेसमध्ये जेवलोय असं खोटं सांगायचो आणि मग मेसमध्ये जाऊन त्या डाळ बुडालेल्या आमटीबरोबर जेवायचो. त्या वयात मान कशात आहे आणि कशात नाही, हे कळायला वेळ लागतो.

असं सगळं बरं चाललं असताना जुलैच्या शेवटाला सर्जेराव तापानं पडला. नेमका गुरुवार. आबा डबा घेऊन आले, पोराच्या कपाळाला हात लावला आणि त्यांनी सबंध मजला कामाला लावला. कोणी मिरी आणली, कोणी गवती चहा. काढा पोटात गेल्यावर सर्जेराव ग्लानीतच मला म्हणाला, "आज केमिस्ट्रीची हजेरी बुडाली. पंच्याहत्तर टक्के न्हाय भरली तर परीक्षेला बसू देत न्हाईत."

आबांनी ते ऐकलं. मला विचारलं, "म्हंजे हजेरी लागलीच पायजे?"

"लागायला पाहिजे," मी म्हणालो आणि आंघोळीला गेलो.

अकरा वाजता मी केमिस्ट्रीच्या वर्गात शिरलो तर शेवटच्या बाकावर आबा. डोक्याला टोपी, दोन्ही हात बाकावर, पाठ ताठ. एवढं नीट बसलेलं माणूस त्या वर्गानं पहिल्यांदाच बघितलं असेल. मी धावत त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

"आबा, इथं काय?"

"गप. बाई आल्या. सर्जाचा नंबर कितवा?"

"सत्तेचाळीस. का?"

"इंग्रजीत हाक मारत्यात म्हणं. आला की मला कोपार मार."

मला वाटलं, बापाला पोराचा नंबर कानानं ऐकायचा असेल, हौस असते एकेकाची. मॅडमनी 'फोर्टी सेव्हन' म्हटल्याबरोबर मी कोपर मारलं. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या पाच चुकांत हे कोपर मोडतं.

आबा उभे राहिले. हात जोडले आणि रानातून हाक द्यावी तशा आवाजात म्हणाले, "हाय!"

मॅडम त्याच वर्षी नोकरीला लागलेल्या होत्या. वर्गाला घाबरायच्या आणि घाबरतो हे कळू नये म्हणून फळ्याकडे बघून शिकवायच्या. त्यांनी मान वर केली. "आपण कोण?"

"सर्जेरावचा बाप. पोरगं तापानं पडलंय, म्हणून मी आलोय. लावा हजेरी."

वर्गात जो हशा पिकला तो बाजूच्या वर्गापर्यंत गेला.

"अहो, हजेरी ज्याची त्यानं द्यायची असते," मॅडम म्हणाल्या.

"आसं कसं, बाई?" आबांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "रोपलावणीचा पैरा आसला आन घरातलं एक माणूस पडलं, तर दुसरं जातंच की. न्हाय गेलं तर नाव जातंय. माणूस घरातलं आलं म्हंजे पैरा फिटला. ह्यो रोल नंबर घरचाच हाय."

पैरा ही आमच्याकडची जुनी रीत. आज माझ्या रानात तुमच्या घरचं माणूस राबतं, उद्या तुमच्या रानात माझ्या घरचं. कुठलं माणूस आलं हे कोणी बघत नाही, घर चुकलं नाही ना, एवढंच बघतात. आबा आदल्या दिवसापर्यंत चिखलात उभं राहून हेच करत होते. त्यांच्या हिशेबी केमिस्ट्री हे मॅडमचं रान होतं आणि त्यांच्या घरचं एक माणूस आज कमी पडत होतं.

"मग उद्या मी तुमच्या रानात लावणीला यायचं का?" मॅडमना वाटलं असावं, एवढ्यावर हे गृहस्थ गप्प बसतील.

"या की," आबा मनापासून म्हणाले. "पर चिखलाची सवय पायजे."

मॅडमना हसू आवरेना. हजेरी लावता येणार नाही, पण बसायचं असेल तर बसा, असं त्या म्हणाल्या. आबा बसले. आणि मग जे झालं ते मी विसरू शकत नाही. वर्गातली निम्मी पोरं खिडकीबाहेर बघायची, उरलेली वहीत बैल काढायची. आबा मात्र मॅडमच्या तोंडाकडे टक लावून बघत होते आणि प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणून मान हलवत होते. मॅडमनी हळूहळू फळ्याकडे बघणं सोडलं. त्यांनी ती सबंध तासिका आबांना शिकवली. आम्ल आणि अल्कली यांच्याबद्दल मॅडमनी इतकं मोकळं पुन्हा कधी शिकवल्याचं मला आठवत नाही.

बोर्डिंगवर येऊन आबांनी पोराला अहवाल दिला. "हजेरी लावली न्हाय, पर तास बुडला न्हाय. बाई मन लावून शिकीवत्यात. आवाज बारीक हाय, पर अंगचोर न्हाईत."

"काय शिकवलं?" सर्जेरावनं घाबरून विचारलं.

"त्ये इंग्रजीत हुतं. पर चार येळा फळा भरून लिवलं. मी मोजलंय."

सर्जेरावनं चादर डोक्यावरून ओढून घेतली.

ताप उतरून तो कॉलेजात गेला तेव्हा त्याचं नाव पालटलेलं होतं. सगळे त्याला 'पैरा' म्हणायला लागले होते. "ए पैरा, आज तू आलायस, का बापाला पाठवलायस?" जिन्यात, सायकल स्टँडवर, कॅन्टीनमध्ये, जिकडे जाईल तिकडे हेच. पोरांच्या मनात वाईट नव्हतं. मीसुद्धा दोनदा म्हणालो, तेव्हा वाईट नव्हतं हे मी खात्रीनं सांगू शकतो. पण सर्जेराव आतल्या आत शिजत होता. त्याला वर्गात नुकतं कुठे बूड टेकायला मिळालं होतं.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी आबा आले. डबा सोडायला घेतला तेव्हा सर्जेराव उभाच होता.

"आबा, आता हितं यायचं न्हाय."

"आं?"

"बोर्डिंगात यायचं न्हाय. कॉलेजात यायचं न्हाय. माजी शपत हाय तुमास्नी. सगळ्यांचं बाप हाईत, कुणाचा येतोय आसा? हसत्यात समदी."

खोलीत मीही होतो. कुठे बघावं ते मला कळेना. आबांनी डब्याची गाठ पुन्हा बांधली, मग पुन्हा सोडली.

"बरं," ते म्हणाले. "आन डबा?"

"एस.टी.नं पाठवा. समद्यांचा येतोय तसा."

त्या दिवशी आबा जेवायला थांबले नाहीत. संध्याकाळी रेक्टरांनी मला बोलावून वही दाखवली. 'जाण्याची वेळ' या रकान्यात आबांनी लिहिलं होतं, 'सकाळी साडेअकरा'. "हे बरे आहेत ना?" रेक्टरांनी विचारलं.

पुढे दीड महिना डबा एकटाच आला. सर्जेराव सायकलवरून स्टँडवर जायचा, डबा घेऊन यायचा आणि खोलीत बसून मुकाट्यानं जेवायचा. बाकी सगळं सुधारलं होतं. तो कबड्डीच्या टीममध्ये घुसला, 'पैरा' म्हटल्यावर 'ओ' द्यायला लागला, केमिस्ट्रीच्या चाचणीत त्याला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त पडले. थोडक्यात, त्याचं पहिलं वर्ष मार्गी लागलं. मला एकट्यालाच मंगळवार, गुरुवार आणि शनिवार फार लांब वाटायला लागले, आणि ते का हे स्वतःशी कबूल करायला मी अजून तयार नव्हतो.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी सर्जेरावचं प्रॅक्टिकल होतं म्हणून त्यानं मला डबा आणायला पाठवलं. मी जरा लवकरच पोचलो आणि वर्तमानपत्रांच्या स्टॉलशी मथळे वाचत उभा राहिलो. शाहूवाडीची गाडी आली. कंडक्टरनं कट्ट्यावर डबे मांडले. सगळ्यात शेवटी गाडीच्या मागच्या दारातून आबा उतरले. एका हातात सर्जेरावचा डबा, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं लहानसं गाठोडं. डबा त्यांनी इतर डब्यांच्या रांगेत ठेवला, त्यावरचं नाव पुढच्या बाजूला येईल असा फिरवला, इकडेतिकडे बघितलं आणि चार फलाट ओलांडून एका खांबामागे जाऊन बसले.

मी मागून जाऊन हाक मारली. ते दचकलेच.

"म्हशीचं औशद न्यायला आल्तो," न विचारताच ते म्हणाले.

"कुठंय औषध?"

"दुकान उघडायचं हाय आजून." मग माझ्या मागे बघून त्यांनी विचारलं, "त्यो न्हाय आला?"

"त्याचं प्रॅक्टिकल आहे आज."

आबांचा चेहरा असा उतरला की मला आपण तिथे आल्याचीच लाज वाटली. दोन तास गाडीत बसून ते एवढ्यासाठी आले होते. पोरगं सायकलवरून येतं, डबा उचलतं आणि जातं, ते बघायला. सगळं मिळून दोन मिनिटं.

"दर वेळी येता?"

"त्येनं बोर्डिंगात यायचं न्हाय म्हणलंय. कॉलेजात न्हाय म्हणलंय. शपत मोडली न्हाय मी." त्यांनी खांबाला टेकून हात झटकले. "ह्ये स्टँड हाय."

मी त्यांच्याशेजारी बसलो. सर्जेरावबद्दल त्यांना सगळं विचारायचं होतं. वाळलाय का, हसतो का, त्या बाईंच्या तासाला जातो का. मी सांगितलं की उत्तम चाललंय, कबड्डी खेळतो, मार्क चांगले आहेत. ते ऐकून त्यांना आनंद झाला आणि त्या आनंदाबरोबर आणखीही काहीतरी झालं, कारण ते बराच वेळ हातातल्या गाठोड्याच्या गाठीशी चाळा करत राहिले.

"मुळं धरली म्हणायची," ते म्हणाले. "ब्येस झालं. माजं काय न्हाय बग. निस्तं जेवणाचं वांदं झाल्यात. आट वरसं दोघांचं रांधतोय. एकट्याचं माप हाताला येत न्हाय. भाकरी दोघांच्याच हुत्यात. आन एकट्याला घास जात न्हाय. मग हिकडं येतो. त्यो डबा उचलून गेला की वाटतंय, आता त्यो बी जेवंल. मग माजं मी हितं खातो आन गाडी धरतो."

"आणि आज?"

"आज तू हाईस की," ते म्हणाले. पण गाठोडं त्यांनी सोडलं नाही. मी डबा घेऊन निघेपर्यंत सोडलं नाही. "त्येला सांगू नगंस," एवढं मात्र मागून ओरडून सांगितलं.

मी ते दोन दिवस पाळलं. माझ्या मानानं ते पुष्कळ झालं.

शनिवारी मी सर्जेरावबरोबर स्टँडवर गेलो. त्यानं डबा उचलला तेव्हा मी म्हणालो, "मला भूक लागलीय. इथंच बसून खाऊया."

"हितं? एवढ्या गर्दीत? आन तू कवापास्नं आमचा डबा खायाला लागलायस?"

"आजपासून."

मला वाटलं, तो नको म्हणेल. पण सर्जेराव बाकावर बसला. बसताना त्यानं बाकाची अशी बाजू निवडली की त्याचं तोंड पलीकडच्या फलाटाकडे यावं. डबा उघडून त्यानं मला एक भाकरी दिली, स्वतः एक मोडली, आणि मान खाली घालून म्हणाला, "त्या चौथ्या खांबामागं बसल्यात. चपला दिसत्यात."

माझा घास तोंडातच राहिला. "तुला माहीत आहे? कधीपासून?"

"दुसऱ्याच डब्यापास्नं."

"मग जात का नाहीस?"

"काय तोंडानं जाऊ?" तो म्हणाला. "पोरं हसली म्हणून बापाला यिऊ नगा म्हणलो. आता वाटतंय, बोलवावं. पर बोलीवलं तर त्यास्नी कळंल की मला समजलंय. लाजंनं यायचंच बंद करतील. त्यापरीस आसूदे. मी बी सावकाशच डबा उचलतो. चेन पडलीया म्हणून सायकलीशी खोटंच बसतो पाच मिन्टं. तेवढंच त्यांचं बघून हुतंय."

बाप खांबामागे बसून पोराला बघत होता आणि पोरगं सायकलीची चेन बसवण्याचं नाटक करून बापाला बघू देत होतं. दीड महिना हे चाललं होतं आणि दोघांनाही वाटत होतं की आपण दुसऱ्याला सांभाळतोय. मला हसू आलं. आबांनी सांगू नकोस म्हटलेलं होतं, पण मी सांगून टाकलं.

"सर्जा, तू डबा घेऊन गेल्याशिवाय ते गाठोडं सोडत नाहीत. उपाशी बसतात. एकट्याला घास जात नाही म्हणाले."

हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं हातातला तुकडा डब्यात ठेवला. पलीकडे बघितलं. खांबाच्या कडेला गाठोड्याचं पांढरं फडकं दिसत होतं, तसंच बांधलेलं.

सर्जेराव उठला. डब्याची दोन्ही पुडं तशीच उघडी हातात धरून तो फलाट ओलांडत निघाला. एका गाडीनं हॉर्न दिला, तो थांबला नाही. मी मागोमाग गेलो, कारण माझी दुसरी भाकरी त्याच्या डब्यात होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

आबा त्याला येताना बघून उभे राहिले. एवढ्या वेळात पळून जायला कुठे वाव नव्हता. "म्हशीचं औशद..." त्यांनी सुरुवात केली.

"बसा," सर्जेराव म्हणाला आणि स्वतः फरशीवरच मांडी घालून बसला. डबा मध्ये ठेवला. आबाही बसले. गाठोड्याची गाठ त्यांना सुटेना, तेव्हा ती सर्जेरावनं सोडली. आत तशाच दोन जाड भाकरी. गाड्यांचे नंबर पुकारणाऱ्या भोंग्याखाली दोघं बापलेक जेवत होते.

"हितनं फुडं डबा एस.टी.नं पाठवू नगासा," सर्जेराव म्हणाला.

आबांचा हात भाकरीवरच थांबला.

"तुमी घिऊन या. बोर्डिंगात. वर खोलीत. हसनारी हसूंदेत."

आबांनी मान हलवली, पण ती होय म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही, कारण त्यांनी टोपी काढून तोंड पुसायला घेतलं होतं. बराच वेळ पुसलं. मग टोपी घातली आणि मला म्हणाले, "हुबा का तू? बस की. तुज्या वाटणीची बी हाय."

मी बसलो. त्या दिवशी मेसमध्ये जेवून आलोय असं मी म्हणालो नाही. आमटीत मीठ कमी होतं आणि भाकरी मोडता मोडत नव्हती. मी तीन खाल्ल्या आणि त्याच संध्याकाळी एस.टी.डी. बूथवर रांग लावून घरी फोन केला.